उसाला दर ठरतो, ऑपरेशनला का ठरत नाही?

आमचे आण्णा, म्हणजे माझे थोरले चुलते, पलूस तालुक्यात ऊस करतात. २०२५ च्या जानेवारीत त्यांच्या फडात तोड चालू होती, टोळीला चहा देऊन परत येताना बांधावरच बसले, थंडीत घाम फुटला आणि म्हणाले डावा हात जड वाटतोय. गावातल्या डॉक्टरनं ईसीजी काढला, जिभेखाली गोळी दिली आणि सांगितलं आता बघत बसू नका, मिरजेला पळा. तासाभरात पोचले, आणि हॉस्पिटलनं आत पण लगेच घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाहेर काउंटरवर चुलतभावाला पहिला प्रश्न काय, तर "पेशंटबरोबर कोण आहे? पन्नास हजार डिपॉझिट भरा आधी." त्याच्या खिशात बाराशे रुपये आणि विळा. हो, विळा, कारण पोरगा फडातनं तसाच गाडीत बसला होता.

पैसे झाले गोळा, आमच्यासारख्या घरात होतात कसेतरी, अर्धे माझे, थोडे मेव्हण्याचे, उरलेल्यासाठी काकूंच्या पाटल्या बँकेत गेल्या. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी), पाचव्या दिवशी घरी. बिल दोन लाख चाळीस हजार. पुढच्याच महिन्यात माझ्या एका मित्राच्या वडिलांना हेच झालं, एकच स्टेंट, तेवढेच दिवस, त्याच गावातलं दुसरं हॉस्पिटल, बिल एक लाख पंचेचाळीस. आता यात कोण लुटारू आणि कोण देवमाणूस ते मी सांगू शकत नाही, कारण दर काय असायला पाहिजे होता हेच मला माहित नाही. तुम्हालाही माहित नाही. कुणालाच नाही.

आणि गंमत म्हणजे आण्णा घरी आल्यावर त्याच आठवड्यात कारखान्याच्या बिलाची पावती आली. किती टन गेला, दर काय, सोसायटीची कपात किती, हातात किती. माणूस छातीला हात लावून झोपलेला आणि विचारतोय काय, तर "दर बरोबर लावलाय का बघ रं." उसाचा दर त्यांना तोंडपाठ. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होती, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा, चौदा दिवसात पैसे द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज, हे सगळं आमच्या भागातल्या दहावी नापास माणसाला पण येतं. दर मान्य झाल्याशिवाय कोयता लावू देणार नाही म्हणून आपण ट्रॅक्टर अडवतो, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जातो, टायरमधली हवा सोडतो. आणि त्याच आपण हॉस्पिटलच्या काउंटरवर गेलो की मान खाली घालून म्हणतो, साहेब किती होईल साधारण?

तेव्हापासून मी वेगवेगळ्या देशात हे कसं चालतं ते वाचायला लागलो. आपल्याकडं या विषयावर भांडण एकच असतं, सरकारी चांगलं का खासगी चांगलं. व्हॉट्सॅपवर एक जण म्हणणार सगळं सरकारनं ताब्यात घ्यावं, दुसरा म्हणणार सिव्हिलमधे एकदा जाऊन ये मग बोल. माझं म्हणणं असं की हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. ज्या देशात आजारी पडल्यावर घर बुडत नाही त्यातल्या काही ठिकाणी डॉक्टर सरकारी आहेत आणि काही ठिकाणी खासगी. सारख्या गोष्टी दोनच सापडतात. एक म्हणजे पैसे माणूस धडधाकट असताना सगळ्यांकडनं घेतलेले असतात, काउंटरवर नाही. आणि दुसरी म्हणजे दर एकट्या हॉस्पिटलच्या मनावर नसतो. दर आणि कपात, बास. या दोन्ही गोष्टी ऊसवाल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

जपानचं बघा. तिथली ऐंशी टक्क्यांच्या आसपास हॉस्पिटलं खासगी आहेत हे आपल्याकडं सांगितलं तर लोकांना पटत नाही. गल्लीतले दवाखाने तर बहुतेक डॉक्टरांचे स्वतःचेच. पण सरकार दर दोन वर्षांनी एक दरपत्रक काढतं, त्यात तपासणीपासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत प्रत्येक गोष्टीला पॉइंट दिलेले असतात, एक पॉइंट म्हणजे दहा येन, आणि टोकियोतलं मोठं हॉस्पिटल असो नाहीतर कुठल्या बेटावरचा दवाखाना असो, पॉइंटचा दर तोच. विमा प्रत्येकाला सक्तीचा, १९६१ पासून. पेशंटनं तीस टक्के भरायचे, म्हाताऱ्यांना त्याहून कमी, आणि महिन्याला एका मर्यादेच्या वर बिल गेलं की पुढचं जवळजवळ सगळं विमा बघतो. १९६१ चं जपान म्हणजे काय आजचं श्रीमंत जपान नव्हतं, युद्धात बेचिराख होऊन सोळा वर्षं झालेली.

दर ठरला म्हणजे चोरी थांबते असं मात्र कुणी समजू नये. कारखान्यात दर ठरलेला असतो म्हणून वजनात काटा मारायचा राहतो का? जपानमधे पण एका तपासणीचा दर कमी आहे म्हणल्यावर डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलावतात, तिथला माणूस वर्षाला सरासरी दहा-बारा वेळा डॉक्टरकडं जातो, गोळ्या पण पिशवीभर. पण काटा मारला तर निदान म्हणता येतं की काटा मारला, कारण मोजायला माप आहे. आमच्या दोन लाख चाळीस हजाराला मी काय म्हणणार?

जर्मनीची गोष्ट तर आपल्या भागाला जास्त जवळची वाटते मला. १८८३ साली बिस्मार्कनं कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. त्याला काय कामगारांचा पुळका नव्हता, समाजवाद्यांची हवा काढून घ्यायची होती, पण राजकारणी माणसानं चुकीच्या कारणानं केलेलं बरोबर काम हे पण कामच असतं. तिथं ज्यातनं पैसे जातात त्या संस्था सरकारी खाती नाहीत, ते आजारपणाचे फंड आहेत, म्हणजे पतसंस्था म्हणा हवं तर, त्यांच्या कारभारात कामगार आणि मालक दोघांचे निवडून दिलेले लोक बसतात. असे शंभराच्या आसपास फंड आहेत, एक आवडला नाही तर दुसऱ्यात जाता येतं, आणि तुम्ही म्हातारे आहात किंवा तुम्हाला शुगर आहे म्हणून फंड नाही म्हणू शकत नाही. पगारातनं १४.६ टक्के आणि वर थोडं कापतात, निम्मं कामगाराचं निम्मं मालकाचं. आपल्याला हा आकडा ऐकून घाम फुटेल, पण काकूंच्या पाटल्यांचं व्याज कुणी टक्क्यात मोजलंय का? दवाखान्यांचे दर फंडवाले आणि डॉक्टरांच्या संघटना समोरासमोर बसून ठरवतात, ऊसदराच्या बैठकीसारखं, फक्त रस्त्यावर टायर जळत नाहीत.

आता इंग्लंड, कारण त्याचं नाव निघाल्याशिवाय आपल्याकडची चर्चा पूर्ण होत नाही. माझा भाचा बर्मिंगहॅमला आहे. तिथं दवाखान्यात कॅश काउंटरच नाही हे त्याच्या आईला, म्हणजे माझ्या अक्काला, तिकडं जाऊन आल्यावर सुद्धा खरं वाटत नाही, ती अजून म्हणते त्यानं गपचूप भरले असतील. पण त्याच भाच्याला गुडघ्याच्या एमआरआयसाठी इतकं थांबायला लागलं की दिवाळीला आला तेव्हा मिरजेत करून गेला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात. तिथं २०२५ ला वेटिंग लिस्टवर सत्तर लाखांच्या वर उपचार अडकलेले होते. हे खोटं नाही, आणि सरकारी आरोग्यसेवेचे भक्त हे सांगायचं टाळतात त्याचा मला राग येतो. थांबायला लागणं ही पण एक किंमत आहे, ती पैशात दिसत नाही इतकंच. पण हे पण बघा की भाच्याचा गुडघा थांबला, त्याच्या शेजाऱ्याला हार्ट अटॅक आला तेव्हा कुणी डिपॉझिट विचारलं नाही. गुडघा थांबवून हार्ट आधी घ्यायचं का पैसेवाला आधी घ्यायचा, रांग तर दोन्हीकडं आहेच.

आणि ती इंग्लंडची व्यवस्था आली कुठनं? ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, आरोग्यमंत्री होता अनायरिन बेव्हन, वेल्समधला, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला माणूस. त्याच्या ट्रेडेगर गावात खाणकामगारांनी आपल्या मजुरीतनं प्रत्येक पौंडामागं काही पेन्स कापून द्यायचे आणि त्यातनं डॉक्टर, दवाखाना, हॉस्पिटल सगळं चालवायचं अशी सोसायटी आधीपासून चालवली होती. त्यानं मंत्री झाल्यावर तेच देशभर केलं. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो, कारण मला वाटत होतं ही काहीतरी लंडनच्या साहेबांनी कागदावर काढलेली योजना असणार. निघाली ती कपात! आणि ज्या वर्षी हे केलं त्या वर्षी इंग्लंडात रेशनिंग चालू होतं, ते १९५४ पर्यंत चाललं. म्हणजे आधी श्रीमंत होऊ मग बघू असा हिशोब त्यांनी केला नाही.

कॅनडात पण सुरुवात टोरांटोत झाली नाही. सस्कॅचवान म्हणून गव्हाचा प्रांत आहे, सपाट, थंड, शेतकऱ्यांचा, सहकार मुरलेला, गव्हाची विक्री सुद्धा सहकारी. तिथल्या खेड्यांनी आधी आपल्या पट्टीतनं पगार देऊन गावाला डॉक्टर ठेवायला सुरुवात केली, मग प्रांताचा मुख्यमंत्री टॉमी डग्लस याच्या सरकारनं १९४७ ला हॉस्पिटलचा विमा आणला आणि १९६२ ला डॉक्टरांची फी पण त्यात आली. डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला. मग मिटला, आणि काही वर्षात तेच पूर्ण देशानं घेतलं. (आपल्या मिरजेला हॉस्पिटलचं गाव करणारा विल्यम वॉनलेस हा पण मूळचा कॅनडातलाच, तो इकडं आला तेव्हा त्याच्या देशात सुद्धा यातलं काही नव्हतं. असो, उगाच आठवलं.)

अमेरिकेवर मी जास्त लिहित नाही, त्यांच्यासारखं करायचं नाही एवढं कळलं तरी पुरे. उत्पन्नाच्या सतरा-अठरा टक्के खर्च आरोग्यावर, जगात कुणाचा एवढा नाही, आणि तरी अडीच कोटींच्या वर माणसं विम्याशिवाय, आयुर्मान बाकीच्या श्रीमंत देशांपेक्षा कमी. तंत्रज्ञान नाही का? सगळ्यात भारी आहे. पण तिथं म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचे दर वेगळे, प्रत्येक खासगी कंपनीनं हॉस्पिटलशी ठरवलेले वेगळे, आणि विमा नसलेल्याला तिसरेच. वर विमा नोकरीला बांधलेला, ते पण दुसऱ्या महायुद्धात पगारवाढ गोठवली होती तेव्हा कंपन्यांनी माणसं खेचायला विमा द्यायला सुरुवात केली म्हणून. नोकरी गेली की विमा गेला. आणि मला भीती ही वाटते की सांगलीतला नोकरदार माणूस न कळत त्याच रस्त्यानं चाललाय. मेडिक्लेम काढला की आपण सुटलो असं वाटतं, मग ॲडमिट झाल्यावर कळतं की पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा होती, आपण वरची रूम घेतली म्हणून नुसतं भाडं नाही तर डॉक्टरच्या, ऑपरेशनच्या फीसारखं बिल पण त्या प्रमाणात कापलं. आधीच्या आजाराला तीन वर्षं थांबा. आणि ज्याला मेडिक्लेम परवडतो तो एकदा या बाजूला गेला की सिव्हिल सुधारा म्हणून ओरडणारा एक आवाज कमी झाला, हे नुकसान कुणी धरतच नाही.

आता सगळ्यात ठरलेला आक्षेप. "तिकडं पैसा आहे, लोकसंख्या कमी आहे, इथं नाही चालणार." यावर माझं उत्तर थायलंड. १९९७ ला त्यांची अर्थव्यवस्था कोसळली होती, आणि २००२ ला त्यांनी ज्यांना सरकारी किंवा कंपनीचा विमा नाही अशा सगळ्यांना, म्हणजे देशातल्या साधारण तीन चतुर्थांश लोकांना, एका योजनेत घेतलं. दवाखान्यात गेलं की तीस बात द्यायचे, बाकी सरकार. आपल्याकडचा प्रश्न असतो की शेतकऱ्याच्या, मजुराच्या पगारातनं कापायचं कसं, त्याला पगारच नाही. थायलंडचा पण तोच प्रश्न होता, त्यांनी सरळ करातनं घेतलं. आणि पैसे वाटायची पद्धत बघा, त्या भागात किती माणसं नोंदलेली आहेत त्यावर तालुक्याच्या हॉस्पिटलला ॲडमिट न होता करायच्या उपचारांसाठी डोईमागं रक्कम, आजारी पडा नाहीतर नका पडू. म्हणजे माणूस बीपीची गोळी वेळेवर खाऊन धडधाकट राहिला तर हॉस्पिटलचा फायदा. आपल्याकडं माणूस आडवा झाल्याशिवाय कुणाचाच फायदा नाही. त्याच्या आधी तीस वर्षं ते खेड्यातली हॉस्पिटलं बांधत होते आणि नव्या डॉक्टरला तीन वर्षं सरकारी नोकरी सक्तीची करत होते, ते नसतं तर तीस बातचं कार्ड घेऊन लोक गेले कुठं असते?

बरं, आपल्याकडं काहीच नाही असं पण नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, २०२४ पासून पाच लाखांपर्यंत, पिवळं केशरी असा भेद पण काढून सगळ्यांना दिली. योजना चांगली आहे, आमच्या भावकीत तिच्यावर बायपास झालेली माणसं चालती फिरती आहेत. पण आण्णांना घेऊन आम्ही जिथं पोचलो तिथं हार्टसाठी ती नव्हती. ऐन वेळी, एक माणूस स्ट्रेचरवर असताना, दुसरीकडं कुठं योजना आहे ते योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, शोधून विचारत फिरायचं का? आणि ही योजना ॲडमिट होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांची, पण घर पोखरतं ते महिन्याच्या महिन्याला गोळ्या, शुगरच्या तपासण्या, डॉक्टरची फी यानं. देशाच्या स्वतःच्या हिशोबात २०२१-२२ ला आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ३९ टक्के लोकांच्या खिशातनं गेले, २०१३-१४ ला ते ६४ होते, म्हणजे उतरलेत हे मान्य करायला पाहिजे. पण सरकारचा खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू म्हणून लिहिलं होतं. आणि ऑगस्ट २०२३ ला राज्यानं सरकारी दवाखान्यातले उपचार मोफत केले ते आरोग्य खात्याच्या दवाखान्यात, मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं त्या निर्णयात नव्हती, आणि सांगलीचं आणि मिरजेचं सिव्हिल नेमकं कॉलेजला जोडलेलं. आमच्या जिल्ह्यातली माणसं सगळ्यात जास्त जातात तीच दोन.

दर ठरवणं आपल्याला जमत नाही हे तर साफ खोटं. फेब्रुवारी २०१७ ला केंद्रानं स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट लाखाच्या वर जायचा तो तीस हजाराच्या आत आला. स्टेंट मिळायचे बंद झाले का? नाही. फक्त झालं असं की बिलात स्टेंटची ओळ बारीक झाली आणि बाकीच्या ओळी फुगल्या, कारण मर्यादा एकाच ओळीला होती. आण्णांचं बिल माझ्याकडं अजून आहे, त्यात स्टेंटचे पैसे अगदी कायद्यात आहेत. नंतर कोविड. मे २०२० ला राज्य सरकारनं खासगी हॉस्पिटलचे दर ठरवून दिले, साध्या वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरला ९,०००, आणि बिलं तपासायला ऑडिटर बसवले. पळवाटा निघाल्या, पीपीई किटच्या नावानं काय काय लावलं ते सगळ्यांना आठवत असेल, पण कित्येकांना जादा घेतलेले पैसे परत पण मिळाले. म्हणजे कायदा आहे, माणसं आहेत, सवय पण झाली होती. साथ गेली आणि दरपत्रक पण गेलं, आणि आपण कुणी विचारलं नाही की अपेंडिक्सनं काय पाप केलंय.

डॉक्टरांची बाजू शेवटाकडं आली म्हणून ती कमी महत्त्वाची नाही, तीच खरी अवघड आहे. माझा शाळेतला मित्र मिरजेत सर्जन आहे. तो म्हणतो, तू दर ठरव, मी तयार आहे, पण माझी पोस्ट ग्रॅज्युएशनची सीट कितीला पडली ते पण धर, बापानं दोन एकर विकली, मशिनला बँकेचं कर्ज आहे, लाईट बिल कमर्शियल दरानं आहे, आणि योजनेचे पैसे कधी येतील ते देवाला माहित. याला माझ्याकडं उत्तर नाही, किंवा आहे पण ते लांबचं आहे. जर्मनीत सरकारी विद्यापीठात डॉक्टर व्हायला फी जवळजवळ नाहीच. थायलंडनं शिकवलं स्वतःच्या खर्चानं आणि बदल्यात तीन वर्षं घेतली. आपण डॉक्टर बनवायचा बाजारभावानं आणि मग त्यानं एफआरपीनं काम करावं म्हणायचं, हे नाही चालणार. उसाला पण एफआरपी काढताना उत्पादनखर्च धरतात ना? मग सीटची फी, योजनेचं बिल ठराविक दिवसात आणि उशीर झाला तर व्याज, हे त्याच टेबलावर आलं पाहिजे. चौदा दिवसात पैसे हा नियम त्यांना पण लावा. असा दर ठरला तर चांगले डॉक्टर विरोध करतील असं मला वाटत नाही, विरोध करतील ते गुंतवणूकदार, आणि ते हल्ली वाढत चाललेत.

एक भीती मात्र आहे ती सांगून टाकतो. सहकाराचं आपण काय केलं ते आपल्याच डोळ्यासमोर आहे. आजोबांनी शेअर घेतलेले, पोटाला चिमटा काढून कपात दिलेली, आणि आता काही ठिकाणी त्याच कारखान्याच्या गेटवर सभासदाला कोण विचारत नाही. आरोग्याचा फंड असा जमवला तर त्याच्यावर पण कुणाचातरी मुलगा येऊन बसेल, पॅनल पडतील, गटाच्या हॉस्पिटलला बिलं लवकर निघतील. जर्मनीतला फंड नीट चालतो त्याचं एक कारण असं की नाही पटलं तर माणूस उठून दुसऱ्या फंडात जातो. आपल्याला ठरलेला कारखाना सोडून दुसऱ्याला ऊस घालायला पण किती वर्षं भांडावं लागलं.

हे सगळं मी परवा आण्णांना अंगणात बसून सांगितलं, जपान, खाणकामगार, गव्हाचा प्रांत, सगळं. ते ऐकत होते, मधे एकदा गोळी घेतली. मग म्हणाले, "म्हंजे आजारी पडायच्या आधीच पैसे द्यायचे." म्हणलं हो. "सगळ्यांनी." हो. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग कापायचं आसल तर उसाच्या बिलातनंच काप म्हणावं. एकदा हातात आल्यावर मी काय द्यायचो नाही. आन दर आधी जाहीर करा म्हणावं, मग कपात."